मर्जी आणि निर्णय

(पुणे येथे नवदीक्षित बौद्ध कुटुंबांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज मी आपणांपुढे ज्या विषयावर बोलणार आहे तो विषय कोर्टाचा नव्हे, कचेरीचा आहे. वकिलाने कचेरीविषयी बोलावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु आपल्या कुटुंबांच्या जीवनावर ज्या निर्णयांचा खरा परिणाम होतो, त्यांपैकी फारच थोडे निर्णय काळा झगा घातलेला न्यायाधीश देतो. मुलीला जातीचा दाखला द्यावा की नाही, तिचा दाखला खरा मानावा की नाही, आजोबांच्या जमिनीवर नाव कोणाचे लावावे, शेतात जाण्याची वाट शेजाऱ्याने नांगरून टाकली तर ती खुली करावी की नाही, वृद्ध आईचे निवृत्तिवेतन चालू ठेवावे की बंद करावे, हे सर्व निर्णय तहसीलदार, प्रांत, जिल्हाधिकारी किंवा एखादी समिती देते. शिवाजीनगरच्या न्यायालयाची पायरी जन्मात न चढलेला माणूसही तहसील कचेरीची पायरी चढलेला असतो.

आता आपण स्वतःलाच एक प्रश्न विचारून पाहा. कचेरीत जाताना आपल्या मनात कोणता भाव असतो? न्याय मागावयास जात आहोत असा, की साहेबांची मर्जी संपादन करावयास जात आहोत असा? मला जे सांगावयाचे आहे ते एवढेच की, ज्या वेळी तो अधिकारी आपल्या हक्काचा निवाडा करतो, त्या वेळी कायद्याने त्याला मर्जी उरत नाही. तो त्या घटकेपुरता न्यायाधीश असतो, आणि न्यायाधीशावर जी बंधने असतात तीच, थोड्याफार फरकाने, त्याच्यावरही असतात.

ही गोष्ट लोकांच्या मनात ठसली नाही, यास कारण आपला इतिहास आहे. इंग्रजी अमलात मामलेदार हा सारा वसूल करी, आणि तोच फौजदारी खटलेही चालवी. वसूल करणारा हात आणि शिक्षा करणारा हात एकच असल्यावर त्या हाताकडे पाहून सामान्य माणसाने नमस्कार करावा, दुसरे काय करावे! संविधानाच्या पन्नासाव्या कलमाने न्यायव्यवस्था कार्यकारी सत्तेपासून वेगळी करण्याचे निर्देशक तत्त्व घातले. ते कलम डॉ. बाबासाहेबांनीच नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधान सभेपुढे मांडले होते. मुंबई राज्याने १९५१ साली तसा कायदा करून फौजदारी न्यायाचे काम महसुली अधिकाऱ्यांकडून बहुतांशी काढून घेतले.

परंतु जमीन, वाट, दाखला, अनुदान यांचे निवाडे त्याच टेबलावर राहिले. किंबहुना ते वाढले. १९०६ चा मामलेदार कोर्ट कायदा आजही जिवंत आहे. बेकायदा अडथळा करून कोणी वाट वा पाणी अडविले, किंवा कायदेशीर मार्गाने न जाता कोणी आपला कब्जा काढून घेतला, तर सहा महिन्यांच्या आत मामलेदाराकडे दावा करता येतो. त्या कायद्याच्या नावातच ‘कोर्ट’ हा शब्द आहे, हे ध्यानात घ्या. पुढे कुळकायदा आला, १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला, आणि कूळ जमिनीचा मालक कोणत्या किमतीस होणार हे ठरविण्यासाठी शेतजमीन न्यायाधिकरण नेमले गेले. त्या न्यायाधिकरणाच्या खुर्चीवर बसलेली व्यक्ती कोण? पुन्हा महसूल खात्यातलाच अधिकारी.

इतर देशांनी या अडचणीतून कशी वाट काढली ते थोडक्यात सांगतो. अमेरिकेने १९४६ साली कायदा करून सरकारी खात्यांतच निवाडा करणारे वेगळे अधिकारी ठेवले. १९७२ पासून त्यांस प्रशासकीय न्यायाधीश अशा अर्थाची पदवी आहे. अपंग माणसाचे वेतन नाकारले गेले तर तो त्यांच्यापुढे जातो. जो अधिकारी चौकशी करतो किंवा खात्याची बाजू मांडतो, त्याच्या हाताखाली हा न्यायाधीश नसतो, आणि त्याच्या कामाचे गुण ठरविणे खात्याच्या हाती ठेवलेले नाही. इंग्लंडात फ्रँक्स समितीने १९५७ साली अशा न्यायाधिकरणांकडून तीन गोष्टींची अपेक्षा केली: कारभार उघडा असावा, वागणूक न्याय्य असावी, आणि मन निःपक्षपाती असावे. आपल्याकडे सरकारी नोकरांच्या तक्रारींसाठी १९८५ च्या कायद्याखाली प्रशासकीय न्यायाधिकरणे झाली. महाराष्ट्राचे न्यायाधिकरण १९९१ पासून मुंबईत आहे. परंतु ज्याला सरकारी नोकरीच नाही, त्या शेतमजुरासाठी व विद्यार्थ्यासाठी वेगळा प्रशासकीय न्यायाधीश आपल्या देशाने निर्माण केलेला नाही. सकाळी पंचनाम्यास गेलेला अधिकारी दुपारी सुनावणीस बसतो. व्यवस्थेतील हे वैगुण्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग आपल्या हातात काय आहे? आपल्या हातात आहे तो नैसर्गिक न्यायाचा नियम. नाव मोठे आहे, पण अर्थ घरातल्या आईलाही ठाऊक असतो. दोन भावांचे भांडण झाले तर एकाचेच ऐकून दुसऱ्याला मारू नये, आणि भांडणात ज्याचा स्वतःचा खाऊ गुंतला आहे त्याने निवाडा करू नये. आपणां बौद्धांस तर हा नियम परका नाही. विनयपिटकात चुल्लवग्गामध्ये असे सांगितले आहे की, काही भिक्खूंनी गैरहजर असलेल्या भिक्खूंविरुद्ध दंडाची कर्मे केली, तेव्हा भगवंतांनी त्यास मनाई केली आणि वाद मिटविण्याचा पहिला मार्ग ‘संमुखविनय’ हा घालून दिला. ज्याच्याविषयी निर्णय व्हावयाचा तो संघासमोर हजर पाहिजे. इंग्रज न्यायाधीशांनी हे तत्त्व लॅटिन भाषेत लिहिण्यापूर्वी कित्येक शतके ते पाली भाषेत लिहिले गेले होते.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व कचेरीच्या टेबलापर्यंत आणून पोचविले. १९५८ साली आंध्रातील बसमार्गांच्या प्रकरणात हरकती ऐकल्या सचिवाने आणि निर्णय दिला मुख्यमंत्र्याने. न्यायालय म्हणाले, ज्याने ऐकले त्यानेच निर्णय द्यावयास हवा, नाही तर ऐकणे हा देखावा ठरतो. १९६७ साली ओरिसातील बीनापाणी देई या डॉक्टर बाईंचे प्रकरण आले. सरकारने त्यांची जन्मतारीख परस्पर बदलून त्यांस सेवानिवृत्त केले होते. हा प्रशासकीय हुकूम आहे, न्यायिक नव्हे, असा बचाव सरकारने केला. न्यायालयाने सांगितले की, हुकूम प्रशासकीय असला तरी त्याने माणसाच्या हक्काला बाध येत असेल तर त्याचे म्हणणे ऐकलेच पाहिजे. १९६९ च्या क्रैपाक प्रकरणात वनसेवेच्या निवड मंडळावर बसलेला अधिकारी स्वतःच त्या निवडीस उमेदवार होता. ती निवड रद्द झाली. आणि १९९० साली एस. एन. मुखर्जी यांच्या प्रकरणात घटनापीठाने असे ठरविले की, न्यायिक वा अर्धन्यायिक काम करणाऱ्या अधिकाऱ्याने, कायद्यानेच सूट दिली नसेल तर, निर्णयाची कारणे नमूद केली पाहिजेत. ‘अर्ज नामंजूर’ एवढ्या दोन शब्दांत आपली बोळवण करता येत नाही.

आता मी ज्या गोष्टीसाठी मुख्यतः येथे उभा आहे तिच्याकडे वळतो. ती म्हणजे जातीचा दाखला व त्याची पडताळणी.

दीक्षा घेतल्यानंतर जवळजवळ प्रत्येक कुटुंबातील तरुण मला एकच प्रश्न विचारतो: “वकीलसाहेब, ज्या जातीचा आम्ही त्याग केला तीच पुन्हा कागदावर का लिहावयाची?” प्रश्न स्वाभिमानाचा आहे आणि तो मला आवडतो. परंतु त्याचे उत्तर नीट समजून घ्या. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे हिंदू धर्म मानणारासच अनुसूचित जातीचा समजले जाई. १९५६ साली शिखांचा समावेश झाला. त्याच वर्षी दीक्षा घेतलेले आपले लाखो बांधव मात्र चौतीस वर्षे केंद्राच्या सवलतींबाहेर राहिले. महाराष्ट्र राज्याने आपल्यापुरत्या सवलती दिल्या खऱ्या, पण राखीव मतदारसंघ व केंद्राच्या नोकऱ्या यांची दारे बंदच होती. डॉ. डी. पी. मेश्राम हे १९६२ साली विधानसभेच्या राखीव जागेवर निवडून आले. त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला आहे या कारणावरून एका मतदाराने निवडणूक न्यायाधिकरणाकडे अर्ज केला. न्यायाधिकरणाने निवडणूक रद्द केली, उच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला, आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधिकरणाचाच निर्णय कायम केला. जाहीरपणे बौद्ध असल्याचे सांगितले म्हणजे धर्म बदलला, असा त्याचा आशय. १९९० साली संसदेने कायदा दुरुस्त करून बौद्धांचा समावेश केला, तेव्हा हे दार उघडले.

म्हणून आज कोणी आपल्या मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर भीतीपोटी ‘हिंदू’ लिहीत असेल, तर त्याने ते भय टाकून द्यावे. धर्म बौद्ध लिहिल्याने अनुसूचित जातीचा हक्क जात नाही. उलट बापाच्या कागदावर बौद्ध आणि मुलाच्या कागदावर हिंदू असे झाले की चौकशी करणारास विनाकारण शंकेस जागा मिळते. धर्माच्या रकान्यात आपण कोण आहोत ते लिहावयाचे असते, आणि जातीच्या दाखल्यात समाजाने आपल्या पूर्वजांस काय केले त्याची नोंद असते. दुसरी नोंद करून देणे म्हणजे जात मानणे नव्हे. कर्जदाराने देणे फेडावे म्हणून सावकाराचा जुना रोखा जपून ठेवतात, तसाच हा प्रकार आहे. फरक एवढाच की या व्यवहारात देणेकरी समाज आहे आणि धनको आपण आहोत.

आणि म्हणून माझी कळकळीची विनंती आहे: जुना कागद खोडू नका, फाडू नका, बदलून घेऊ नका. काही उत्साही मंडळींनी आजोबांच्या शाळेच्या नोंदीतील जातीचे नाव लाजिरवाणे वाटते म्हणून बदलून मागितल्याचे मी पाहिले आहे. ‘नवबौद्ध’ किंवा ‘बौद्ध’ हे अनुसूचीतील जातीचे नाव नव्हे. मूळ जात सिद्ध करणारा कागद नाहीसा झाला तर नातीचे शिक्षण अडते.

दाखला मिळण्याची रीत अशी. अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे, बहुधा प्रांताधिकाऱ्याकडे, करावयाचा असतो. त्याने नाकारला तर तीस दिवसांत अपील करता येते. दाखला मिळाला तरी शिक्षण, नोकरी वा निवडणूक यांच्या राखीव जागेसाठी तो पडताळणी समितीकडे न्यावा लागतो. या समित्यांची कार्यपद्धती सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या माधुरी पाटील प्रकरणात आखून दिली, आणि महाराष्ट्राने त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. तो ऑक्टोबर २००१ पासून अमलात आहे. समितीस साक्षीदार बोलावण्याचे व कागद मागविण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. तिच्या निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयात रिट अर्ज करता येतो. खाली दुसरीकडे कोठेही दाद मागता येत नाही. तीन सरकारी अधिकाऱ्यांच्या टेबलाला एवढे वजन कायद्याने दिलेले आहे.

त्या कायद्याचे आठवे कलम सांगते की, आपण त्या जातीचे आहोत हे सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराची आहे. फौजदारी खटल्यात आरोपी गप्प बसू शकतो. येथे गप्प बसणारा हरतो. अनुसूचित जातीच्या बाबतीत १० ऑगस्ट १९५० ही तारीख महत्त्वाची आहे. त्या तारखेपूर्वीचा कागद शोधा. आजोबांच्या किंवा चुलतआजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, जन्ममृत्यूच्या नोंदीचा म्हणजे कोतवाल बुकाचा उतारा, वतनाचे कागद. शाळेत कोणी गेलेच नसेल तर जन्ममृत्यूच्या नोंदी पाहा, कारण शाळेने आपणांस बाहेर ठेवले तरी मृत्यूच्या नोंदवहीने ठेवले नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली आनंद यांच्या प्रकरणात, आणि पुन्हा २०२३ साली, असे सांगितले आहे की जुन्या कागदांना अधिक वजन द्यावे. ती प्रकरणे जमातींची होती, पण कागदाच्या वजनाविषयीचे तत्त्व आपल्यालाही उपयोगी आहे. वडिलांकडील रक्ताच्या नातलगास वैधता प्रमाणपत्र मिळाले असेल तर ते अवश्य जोडा. मुंबई उच्च न्यायालयाने २०१० साली अपूर्वा निचळे प्रकरणात ठरविले की, ते प्रमाणपत्र लबाडीने मिळविलेले नसेल तर समितीने साधारणतः वेगळा निर्णय देऊ नये.

समितीचे दक्षता पथक गावी व शाळेत जाऊन चौकशी करते. त्याचा अहवाल विरुद्ध गेला तर समितीने त्याची प्रत देऊन कारणे दाखवा नोटीस दिली पाहिजे. ती नोटीस आल्यावर घाबरून घरी बसू नका. ती शिक्षा नव्हे. ती आपणांस बोलण्याची दिलेली संधी आहे. अहवालातील प्रत्येक मुद्द्यास लेखी उत्तर द्या. चुलत्याच्या नावापुढे लेखनिकाने दुसरी जात लिहिली असेल तर ती कोणत्या साली, कोणाच्या सांगण्यावरून लिहिली गेली ते सांगा. या जागी एक गोष्ट प्रामाणिकपणे म्हटली पाहिजे. खोटे दाखले घेऊन राखीव जागा बळकावणारे लोक आहेत, आणि त्यांनी घेतलेली जागा आपल्याच मुलाची असते. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खोट्या दाखल्यावर मिळविलेले लाभ काढून घेण्याचा निर्णय दिला तो योग्यच होता. पडताळणी नकोच, असे आपण म्हणू नये. पडताळणी वेळेत व न्यायाने व्हावी, एवढेच म्हणावे.

वतनाच्या कागदांचा उल्लेख आला म्हणून जमिनीविषयी दोन शब्द. महार वतन म्हणजे गावकीच्या गुलामगिरीचा पट्टा होता, आणि तो मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात विधेयक आणले. प्रत्यक्षात १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतने नष्ट झाली, आणि ठरलेली रक्कम भरल्यास जमीन वतनदारास परत देण्याची सोय झाली. जिल्हाधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीवाचून ती विकता येत नाही ही अट त्यात आहे. पुण्याच्या आसपास जमिनीस सोन्याचा भाव आल्यापासून या अटीची आठवण आपल्यापेक्षा दलालांनाच जास्त आहे. कोऱ्या कागदावर अंगठा मागणारा माणूस दारात आला तर आधी तलाठ्याकडून फेरफाराचे उतारे काढा. फेरफाराची नोंद मंजूर होण्यापूर्वी हितसंबंधितांस नोटीस द्यावी लागते, हरकत घेतली तर ती तक्रारी नोंद होते आणि तिची सुनावणी होते. जिल्हाधिकाऱ्याहून खालच्या अधिकाऱ्याच्या महसुली निर्णयाविरुद्ध साठ दिवसांत अपील आहे. दिवस मोजा; साठावा दिवस कोणाची वाट पाहत नाही.

आता थोडे कटू बोलतो. निवाड्याची तारीख आली की आपल्यातील कितीतरी लोक कागद शोधण्याऐवजी पुढाऱ्याची चिठ्ठी शोधतात. चिठ्ठीने काम होते, मी नाही म्हणत नाही. पण ज्या टेबलावर आज आपली चिठ्ठी चालली त्याच टेबलावर उद्या पाटलाची, बिल्डराची, मंत्र्याची मोठी चिठ्ठी चालणार. दुबळ्या माणसाला नियमाशिवाय दुसरा वाली नाही, आणि नियम मोडण्याची सवय त्या अधिकाऱ्याला आपणच लावली तर तक्रार कोणत्या तोंडाने करणार? साहेबाला परस्पर भेटू नका. जे सांगावयाचे ते लेखी सांगा, त्याची पोच घ्या. सुनावणीच्या दिवशी रोजनाम्यात आपली हजेरी लिहिली गेली ना ते पाहा. वहीत लिहिले नाही ते घडले नाही, असेच पुढे समजतात. निर्णयाची नक्कल मागा; रोजनाम्याची प्रत माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखालीही मागता येते.

एक समजूत फार पसरली आहे की, खाली काहीही होवो, शेवटी हायकोर्ट आहेच. हायकोर्ट आहे हे खरे. संविधानाच्या २२७ व्या कलमाने उच्च न्यायालयास न्यायालयांप्रमाणे न्यायाधिकरणांवरही देखरेख दिली, आणि २२६ व्या कलमाने रिटचा अधिकार दिला. १९९७ साली चंद्रकुमार प्रकरणात सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हा अधिकार संविधानाच्या मूलभूत चौकटीचा भाग ठरविला. संसदही तो काढून घेऊ शकत नाही. परंतु उच्च न्यायालय पुरावा साधारणतः नव्याने तोलत नाही. अधिकाऱ्याने ऐकून घेतले काय, महत्त्वाचा कागद डावलला काय, कारणे दिली काय, अधिकाराबाहेर गेला काय, हे ते पाहते. जो कागद आपण समितीपुढे ठेवलाच नाही तो डावलला असे कसे म्हणणार? म्हणून प्रकरण जिंकावयाचे किंवा हरावयाचे ते बहुधा त्या कचेरीच्या टेबलावरच.

वकिलाची फी परवडत नाही ही अडचण खरी आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे अनुसूचित जातीच्या व्यक्तीस, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर साहाय्य मागता येते; स्त्रियांसही तोच हक्क आहे. पुणे जिल्ह्याचे प्राधिकरण शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात आहे. अर्ज मराठीत चालतो. जाताना नोटीस ज्या पाकिटातून आली ते पाकीटही बरोबर न्या. त्यावरील टपालाच्या शिक्क्यावरून मुदत कोणत्या दिवसापासून मोजावयाची ते दाखविता येते.